हरकत नाही

हंट्सविलच्या सभागृहात मंगळवारी सहा वाजता
मी इतिवृत्त लिहायला बसते.
कोण बोललं, अनुमोदन कुणाचं, मतं किती.
समोर तीन दिवे : हिरवा, पिवळा, लाल.
माणसामागे तीन मिनिटं.

प्रकरण एकोणीस.
ओढ्यालगतची साडेअकरा एकर
शेतीच्या पट्ट्यातून काढून दाट वस्तीच्या पट्ट्यात घालणे.
दोनशे चाळीस सदनिका, तळमजल्याला कॉफीचं दुकान.

वकील प्रुएट इस्त्री केलेल्या आवाजात बोलतात.
त्यांच्या चित्रात झाडं आत्ताच मोठी झालेली,
एक बाई कायम कुत्रा फिरवते आहे.
अलाबामाचा ऑगस्ट, आणि बाईला घाम नाही.

मग हिरवा दिवा.
ओडेसा टॉलिव्हर. वय एक्याऐंशी,
चर्चला घालायची जांभळी हॅट, हातात कागद नाही.
"जमीन कुठून कुठवर, ते मला विचारा.
पूर्वेला ओढा.
पश्चिमेला आजोबांचं खेचर मेलं ती जागा.
दक्षिणेला पेकानची चार झाडं, एकावर वीज पडलेली.
उत्तरेला आमची माणसं.
दगड घ्यायला पैसे नव्हते,
म्हणून डोक्याशी डॅफोडिल लावलेत.
फेब्रुवारीत या, मोजून दाखवते, एकूण—"

लाल.
"थँक यू, मॅम," अध्यक्ष म्हणाले.
इकडे या शब्दाने दारही लावता येतं, आवाज न करता.

माझी बोटं मात्र अडली होती.
चतुःसीमा!
वडील कराडला दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर
छत्रीखाली खरेदीखतं लिहायचे.
पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस गाडीवाट,
आणि शेवटी एका दमात
जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह.
निक्षेप म्हणजे काय, मी विचारलं होतं.
"कुणीतरी विश्वासाने ठेवून गेलेलं," म्हणाले,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा अंगठा शाईत बुडवला.

नंतर ट्रेव्हिन ओकली बोलला. रात्रपाळीचा नर्स,
रोज पन्नास मैल येतो, पन्नास जातो,
गाडीतच झोप काढतो कधी.
"मलाही कुठंतरी राहायचंय," म्हणाला आणि बसला.
त्याची दोन मिनिटं शिल्लक राहिली.
ती कुणाला देता येत नाहीत.

नंतर आमच्याच कॉलनीतले हॅल्स्टेड.
ट्रॅफिक, शाळा, "त्या प्रकारची भाडेकरू मंडळी".
बसताना मला हात केला त्यांनी.
आमच्या कॉलनीचं नाव कापसावरून आहे.
तो वेचायला कोण वाकत होतं,
हे घर घेताना मी विचारलं नव्हतं.
गॅरेज दोन गाड्यांचं आहे ना, एवढं विचारलं होतं.

पाच विरुद्ध दोन. मंजूर.
एक अट : इमारतीला 'पेकान ग्रोव्ह' नाव द्यावे.
नावाला पाणी घालावं लागत नाही.

पार्किंगमध्ये घाईत माझी पिशवी ओडेसाबाईंना लागली.
सॉरी म्हटलं.
"दॅट्स ऑल राइट, बेबी."
माझ्या कानाने ते आपसूक मराठीत ऐकलं :
काही हरकत नाही.
आणि मी नुकतंच लिहून आले होते,
'श्रीमती टॉलिव्हर यांनी हरकत नोंदवली.'
एक ओळ. तेवढीच पद्धत आहे.

रात्री ती ओळ खोडली.
पूर्वेस ओढा, लिहिलं. पश्चिमेस खेचर.
दक्षिणेस चार झाडं, विजेसकट.
उत्तरेस माणसं, संख्या सांगणे राहून गेले.

पुढच्या सभेत इतिवृत्त मंजुरीला आलं.
बावीस पानं. कुणी उघडलीही नाहीत.
"कुणाची हरकत?"
कुणाचीच नाही. सात विरुद्ध शून्य.
शहराच्या दप्तरात आता त्या जमिनीला चार बाजू आहेत.
त्याने काही अडत नाही, मला माहीत आहे.

काम मार्चमध्ये सुरू, असं परवान्यावर आहे.
फेब्रुवारीत मी एक दिवस रजा टाकली आहे.
कारणाच्या रकान्यात लिहिलं : मोजणी.